बार्जवर मुक्काम, सायकलवर दिवस: बरगंडीतला पहिला आठवडा कसा आखावा

‘द्राक्षंच बघायची तर दिंडोरीला जा की,’ असं माझे सासरे म्हणाले होते. नाशिकच्या घरात ही प्रतिक्रिया रास्तच. पण आम्ही निघालो होतो ते फ्रान्सच्या बरगंडी भागात, कालव्यातल्या बोटीवर राहायला आणि दिवसभर सायकल चालवायला. द्राक्षं वाटेत होती. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच कुटुंबांना अशी सहल आखायला मदत केली. प्रत्येकाचा पहिला आराखडा सारखाच येतो: पॅरिस तीन दिवस, बार्ज तीन दिवस, जमलं तर स्वित्झर्लंड. तो मी आधी खोडते. ताशी सहा-आठ किलोमीटरनं सरकणाऱ्या बोटीवर तीन दिवस म्हणजे सामान लावून होतंय तोवर उतरायची वेळ. सबंध आठवडा द्या आणि एकच कालवा घ्या.

आधी कालवा ठरवा

नवख्यांची इथेच फसगत होते. ‘कानाल द बुर्गोन्य’, म्हणजे बरगंडीचा कालवा, हे नाव वाचून लोक तोच निवडतात. तो देखणा आहे यात वाद नाही. २४२ किलोमीटर लांब, १८९ लॉक (बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर चढवणारे-उतरवणारे दारांचे हौद), आणि पुयी गावाजवळ डोंगराच्या पोटातून तीन किलोमीटरहून लांब बोगदा. पण त्याच्या काठाला जास्त करून कुरणं आणि पांढऱ्या गाई दिसतात, द्राक्षमळे थोडेच. दक्षिणेतला कानाल द्यू मिदी सगळ्यात प्रसिद्ध. पिएर-पॉल रिके यानं सतराव्या शतकात खोदवलेला, आणि १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत. मात्र तिथल्या चिनारसारख्या सावलीच्या झाडांना २००६ पासून बुरशीचा रोग लागलाय, हजारो झाडं पाडावी लागली आहेत. जुलै-ऑगस्टात त्या उघड्या काठावर सायकल चालवणं म्हणजे मे महिन्यात जळगावात चालवण्यासारखं.

पहिल्या खेपेला माझी शिफारस ‘कानाल द्यू साँत्र’ची, आणि त्याच्याही फक्त पूर्वेकडच्या टोकाची: शालों-स्युर-सोन या शहरापासून शान्यी, सांतने आणि पुढे सां-लेजे-स्युर-दन गावापर्यंत. नदीचं नाव खरंच ‘सोन’ असं उच्चारतात, आपल्याकडच्या सोनसारखंच. हा कालवा अठराव्या शतकाच्या शेवटी एमिलां गोते या अभियंत्यानं बांधला. सांतनेजवळ तो थेट मळ्यांच्या पायथ्याशी येतो. डेकवर चहाचा कप घेऊन बसलं की समोर उतारावरच्या वेलींच्या ओळी मोजता येतात.

कालव्याकाठी सायकल सोपी का पडते, तेही सांगून टाकते. पूर्वी बोटी काठावरून घोडे ओढत, कधी माणसंही ओढत. त्या ओढवाटा अजून शाबूत आहेत आणि पुष्कळ ठिकाणी डांबरी झाल्या आहेत. दोन लॉकच्या मधलं पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट. चढ येतो तो फक्त लॉकपाशी, बहुतेक ठिकाणी इमारतीच्या एका जिन्याएवढा.

मग बोट

बार्ज म्हटल्यावर गोव्यात मांडवीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्ज आठवत असतील तर चुकीचं नाही. इथल्या ‘पेनीश’ही मुळात मालवाहूच, कोळसा, धान्य, वाळू वाहणाऱ्या. १८७९ च्या फ्रेसिने कायद्यानं मुख्य कालव्यांवरची लॉक एका मापाची ठरवून टाकली, सुमारे ३९ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद. पेनीश ५.०५ मीटर रुंद. म्हणजे दोन्ही अंगांना सात-आठ सेंटीमीटर. कप्तान ती आत घालतो तेव्हा बघत राहावं. माल रेल्वे आणि ट्रककडे गेला, आणि यातल्या बऱ्याच बोटींच्या पोटात आता खोल्या आहेत.

पर्याय तीन. पहिला, सायकल-बार्ज: साधारण बारा ते चोवीस प्रवासी, छोट्या खोल्या, जेवण बोटीवर, सायकल भाड्यात किंवा वेगळी, सोबत वाटाड्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच घ्यावा. दुसरा, हॉटेल बार्ज: सहा-आठ-बारा पाहुणे, आचारी, उंची वाइन, आणि भाडं पहिल्याच्या कित्येक पट. तिथे सायकल ही तोंडी लावण्यापुरती. तिसरा, स्वतः चालवायची छोटी बोट. तिला परवाना लागत नाही, भाड्यानं देणारेच तासभर शिकवून त्या आठवड्यापुरतं कार्ड देतात. दोन कुटुंबं असतील, दोऱ्या टाकायला तरणी मुलं असतील आणि स्वयंपाक स्वतः करायचा असेल तर हा पर्याय फार मजेचा. पण मग सायकलवर जाणार कोण आणि सुकाणू धरणार कोण, यावरून रोज सकाळी वाद होतो. आमच्याकडे झाला.

पैसे भरण्याआधी एवढं विचारून घ्या: खोलीतली खाट किती रुंद (८० सेंटिमीटर असेल तर तुमच्या अंगकाठीचा विचार करा), रोजचं सायकलिंग किती किलोमीटर, ई-बाइक मिळते का, आणि पाणी कमी पडून कालवा बंद झाला तर काय करणार. शेवटचा प्रश्न उगाच नाही. कोरड्या उन्हाळ्यात काही भाग खरंच बंद ठेवावे लागतात.

तारखा आणि कागदपत्रं

मे-जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणानंतरही एक फेरी होते. सप्टेंबरमध्ये तोडणी बघायला मिळू शकते. ऊन कडक असेल त्या वर्षी ती ऑगस्टअखेरीलाच उरकते, तेव्हा तोडणीच्या भरवशावर तिकीट काढू नका. १ मे टाळा, त्या दिवशी लॉक बंद आणि दुकानंही बंद.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे केंद्र आहे. प्रौढांना ९० युरो फी, किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा संरक्षण, बँकेचे कागद, आयकर विवरण. मुक्कामाचा पुरावा म्हणून बार्जच्या बुकिंगचं पत्र चालतं, पण त्यावर प्रत्येक प्रवाशाचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. ‘मिस्टर जोशी आणि कुटुंब’ असं लिहिलेलं पत्र परत पाठवून दुरुस्त करून घ्या.

पॅरिसच्या गार द लियों स्थानकातून टीजीव्ही या वेगवान गाडीनं दिजों सुमारे दीड तास. तिथून टीईआर ही साधी गाडी बोन, शान्यी, शालों अशी थांबत जाते. टीजीव्हीचं तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त; टीईआरचं आयत्या वेळी काढलं तरी बिघडत नाही. विमानातून उतरून त्याच दिवशी बोट गाठायचा हट्ट धरू नका. एक रात्र दिजोंत काढा.

सामान

मऊ बॅग. हे वाक्य मी प्रत्येकाला दोनदा सांगते. आमच्या घरच्यांनी ऐकलं नाही, कडक कवचाची मोठी ट्रॉली आणली. ती ना खाटेखाली गेली ना कपाटात, आणि आठवडाभर तिच्याशेजारी अंग चोरून झोपावं लागलं.

आत काय भरायचं: सायकलिंगच्या गादीवाल्या दोन चड्ड्या, हलका रेनकोट, पातळ स्वेटर, बोटीवर घालायला मऊ तळव्याच्या चपला, फ्रेंच खाचेचा प्लग. आणि प्लास्टिकचा एक मग. बोटीवरच्या संडासात जेट स्प्रे नसतो, आणि पंप तुंबला तर तो उघडायला कप्तान स्वतः येतो. त्या प्रसंगाला शक्यतो सामोरं जाऊ नये. अंघोळीलाही टाकीतलंच पाणी. बादलीभर पाण्यात अंघोळ करायची सवय असलेल्यांना यात काही शिकावं लागत नाही.

पायांची तयारी

रोज तीस ते पन्नास किलोमीटर सपाटीवर, हे ऐकायला जड वाटतं पण दम लागत नाही. दुखते ती बैठक. म्हणून निघायच्या आधी दोन महिने दर शनिवार-रविवार लागोपाठ पंचवीस-तीस किलोमीटर चालवा. लागोपाठ हे महत्त्वाचं, कारण दुसऱ्या दिवशी खोगिरावर बसताना जे कळतं ते पहिल्या दिवशी कळत नाही. बुकिंग करताना उंची सेंटिमीटरमध्ये कळवा. पहिल्या सकाळी सीटची उंची जुळवून घ्यायला लाजू नका. गुडघे दुखण्याचं कारण बहुधा तेच असतं.

आपली गोची होते ती वाहतुकीच्या बाजूची. तिथे उजवीकडून चालवायचं. सरळ रस्त्यावर लक्षात राहतं. पण कोपऱ्यावर वळताना आणि थांबून पुन्हा निघताना हात आपोआप डावीकडे नेतात. मी हँडलवर उजव्या बाजूला लाल दोरा बांधला होता. गावातल्या खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हाही तिथला नियम. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, मोठ्यांना नाही; घाला तरीही. कानात इअरफोन घालून सायकल चालवणं बेकायदा. आणि दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅमच्या आत, मोटारवाल्याइतकीच.

लॉकमध्ये काय होतं

बोट आत शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरतं किंवा ओसरतं, पुढचं दार उघडतं. पंधरा-वीस मिनिटं. शालों सोडल्यावर लागणारं लॉक जवळपास अकरा मीटर खोल आहे; तळातून वर बघताना विहिरीत असल्यासारखं वाटतं. पुढची लहान आहेत आणि आपोआप चालतात.

पाहुणे म्हणून गेला असाल तर फक्त हात-पाय बोट आणि भिंतीच्या मध्ये घालू नका. स्वतः चालवत असाल तर दोन गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. दोरी खुंटाला गाठ मारून कधीही बांधायची नाही, वेढा देऊन टोक हातात धरायचं. पाणी उतरताना गाठ बसली तर बोट लटकते. आणि खाली जाताना मागच्या दारापाशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो, बोटीची शेपूट त्यावर टेकू द्यायची नाही. जेवणाच्या वेळी लॉक थांबतात, त्याबद्दल कुरकुर करून उपयोग नाही.

लॉकमुळे सायकलवाल्यांची मात्र चंगळ होते. बोट ताशी सहा किलोमीटर, त्यात प्रत्येक लॉकला वीस मिनिटं; तुम्ही निवांत चालवलं तरी पुढेच असता. ‘बोट चुकेल’ ही भीती पहिल्याच दिवशी जाते. एखाद्या लॉकपाशी उतरायचं, पाव आणि पीच घ्यायचे, दोन लॉक पुढे गवतात बसून खायचे, आणि बोट आली की पुन्हा चढायचं.

कुठे चालवायचं

पहिला दिवस शालों ते शान्यी, कालव्याकाठानं वीसेक किलोमीटर. पाय आणि ब्रेक जुळवून घ्यायला पुरेसं. निघण्याआधी शालोंत तासभर काढता आला तर निसेफोर निएप्स या इथल्या माणसाच्या नावाचं छायाचित्रणाचं संग्रहालय बघा. १८२० च्या दशकात जगातला पहिला टिकलेला फोटो त्यानं याच परिसरात काढला. बोट शनिवारी निघत असेल तर रविवारी सकाळी शान्यीचा आठवडी बाजार आयता मिळतो.

आठवड्यातला खरा दिवस म्हणजे सांतने ते बोन. या वाटेला ‘व्हा दे व्हीन्य’, वेलींची वाट, म्हणतात. बावीस-तेवीस किलोमीटर, मधूनमधून चढ, आणि दोन्ही बाजूंना मळे इतके जवळ की पेडल पानांना लागतं. सकाळी आठला निघा आणि घाई करू नका. नाशिककरांनी तर मुळीच नाही, कारण इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडे बाग मांडवावर किंवा वाय पद्धतीच्या तारांवर चढवलेली. इथे वेल जेमतेम कमरेएवढी, ओळीत मीटरभर अंतर, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली. ट्रॅक्टर ओळीवर पाय फाकून चालतो, उंच घोडीसारखा. आपली एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. इथे हिवाळ्यात वेल झोपलेली असताना एकदाच. एक गोष्ट मात्र सारखी. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीनं फ्रान्सचे मळे झोपवले, तेव्हा अमेरिकन खुंटांवर कलमं करून ते परत उभे राहिले. डॉगरिज या खुंटावर कलम केलेली बाग ज्याच्या घरी आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

उताराकडे नीट बघितलंत तर बाटलीवरची प्रतवारी सायकलवरूनच वाचता येते. खाली मोठ्या रस्त्यालगतच्या सपाट, ओलसर जमिनीतली वाइन साध्या प्रादेशिक नावानं विकली जाते. जरा वर गावाच्या नावाची. उताराच्या मध्यावर, जिथे पाण्याचा निचरा चांगला आणि सकाळचं ऊन सरळ, तिथे प्रेमिए क्र्यू आणि सगळ्यात वरच्या प्रतीची ग्रां क्र्यू. खाली ज्युरासिक काळातला चुनखडक. अशा हद्द ठरवलेल्या तुकड्यांना ‘क्लिमा’ म्हणतात, आणि २०१५ पासून ते जागतिक वारशात आहेत. पांढऱ्या वाइनसाठी जगभर नाव असलेला मोंराशे हा मळा अवघा आठ हेक्टर, म्हणजे वीस एकर. नावाचा अर्थ ‘बोडका डोंगर’. शेजारच्या प्युलिन्यी आणि शासान्य या दोन्ही गावांनी १८७९ मध्ये त्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतलं. उच्चारात ट नाही, हे तिथे तोंड उघडण्याआधी लक्षात ठेवा. मर्सो, व्होलने, पोमार ही गावंही याच वाटेवर आहेत. शेवटची अक्षरं गिळली की बहुतेक वेळा बरोबर येतं.

बोनमध्ये ओतेल-द्यू बघा. निकोला रोलँ या मंत्र्यानं १४४३ मध्ये गोरगरिबांसाठी स्थापलेलं हे इस्पितळ, रंगीत कौलांचं. लोकांनी दान दिलेले मळे संस्थेकडे आहेत आणि त्यांच्या वाइनचा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो, १८५९ पासून. परतीला सायकल टीईआर गाडीत चढवून शान्यीला उतरायचं, जागा असेल तर काही अडचण येत नाही.

आणखी एक दिवस हातात असेल तर जिव्रीपासून क्ल्युनीकडे जाणारी ‘हिरवी वाट’ घ्या. जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये केलेली, मोटारींना बंदी, मुलांना मोकळं सोडता येतं.

चव घ्यायला जाताना

मळेवाल्यांची दारं उघडी दिसली तरी आत शिरू नका. दोन दिवस आधी ‘रांदेव्हू’, म्हणजे भेटीची वेळ, ठरवा; बोटीवरचा वाटाड्या फोन करून देतो. सायकल संपली की मग वाइन, या क्रमात बदल करू नका. सकाळीच जायची वेळ आली तर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा. थुंकण्यात असभ्य काही नाही, मळेवाला स्वतः तेच करतो.

लाल म्हणजे पिनो न्वार, पांढरी म्हणजे शार्दोने; एवढ्यावर इथे निभावतं. कमी प्रसिद्ध अलिगोते विचारा, स्वस्त आणि छान असते. दिजोंचे धर्मगुरू-महापौर फेलिक्स कीर पाहुण्यांना अलिगोतेत काळ्या मनुक्यासारख्या कासिस फळाचं मद्य घालून देत. त्या पेयाला आता त्यांचंच नाव आहे. गामे नावाच्या द्राक्षाला मात्र १३९५ मध्ये ड्यूक फिलिपनं बेइमान ठरवून हाकललं होतं, ते दक्षिणेला बोजोलेत जाऊन नांदलं. पिनो आणि गामेपैकी मला गामे जास्त आवडते, हे बोनमध्ये मोठ्यानं बोलले नाही.

शाकाहारी असाल तर

बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, आणि ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका. मांस नाही, मासे नाहीत, कोंबडी नाही, मांसाचं सूप नाही, अंडं चालतं की नाही, असं एकेक लिहा. अंड्याच्या पारंपरिक पदार्थातही डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. गावात ‘सां व्हियांद, सां प्वासों’ म्हणा, बिनमांस, बिनमाशाचं. इथली बहुतेक नामांकित चीज वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध फाटवणाऱ्या द्रव्यानं लावलेली असतात, कडक पाळणाऱ्यांनी ती सोडावी. गुजेर नावाचे चीजचे फुगे मिळतात, त्यात अंडं असतं. भाकरीची आठवण यायला लागली की पाव, अक्रोड, टोमॅटो आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. तिखटाची छोटी डबी आचाऱ्यानं दुसऱ्या दिवशी माझ्याकडून मागून घेतली.

रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यातली दुकानं बंद असतात. शनिवारीच फळं भरून ठेवा. दुकानात शिरताना ‘बोंजूर’ आधी, मग काय हवं ते. तो राहिला तर पुढचं सगळं जड जातं.

परत निघताना

बोटीवरच्या लोकांसाठी शेवटच्या संध्याकाळी एका पाकिटात टिप ठेवायची पद्धत आहे. भाड्याच्या पाच टक्क्यांपासून पुढे, जमेल तशी. बाटल्या आणायच्या तर भारतात प्रौढ माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही. म्हणजे दोन पूर्ण आणि एक अर्धी बाटली मर्यादेत बसते. प्रत्येक बाटली मोज्यात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग चेक-इन बॅगेच्या मधोमध मळक्या कपड्यांत. मुंबईला उतरल्यावर ड्यूटी-फ्रीच्या दुकानात शिरायचा मोह होईल, पण तिथली बाटलीही त्याच दोन लिटरांत धरली जाते.